वॉरन हेस्टिंग्जच्या गावावरून एक सायकलफेरी

श्रोतेहो, नमस्कार.

सालबाईचा तह आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलाय. साल १७८२. इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध या तहानं मिटलं, महादजी शिंद्यांनी मध्यस्थी केली, आणि कलकत्त्यात बसून कंपनीची सूत्रं हलवत होता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. एवढं लिहिलं की मार्क खिशात. हा हेस्टिंग्ज कुठल्या गावचा, हिंदुस्थानातून परत गेल्यावर त्याचं काय झालं, हे कधी कुणी विचारलं नाही. आज त्याच्याच गावावरून जाऊ या, आणि तेही सायकलनं.

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला कॉट्सवोल्ड नावाचा बुटक्या टेकड्यांचा मुलूख आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून वूस्टरकडे जाणारी गाडी पकडायची आणि मोरटन-इन-मार्श या टुमदार बाजारगावात उतरायचं. सायकल गाडीत घेता येते, पण जागा मोजक्या असतात, तेव्हा आधी राखून ठेवलेली बरी. मोरटनहून निघून मोरटनलाच परत यायचं. फेरी साधारण ५० किलोमीटरची. आकडा किरकोळ वाटतो, पण चढ सारखे येत राहतात.

मोटारीनं गेलात तर इथं एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये जाणं होतं, मधला मुलूख हाती लागत नाही. गावांना जोडणारे रस्ते एकाच गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं नाहीतर मातीचुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे. मागून मोटार आली की थोडी रुंद जागा बघून बाजूला व्हायचं. चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तेच त्याचं थँक्यू. शेतांतल्या वाटांचे मात्र कायद्यानं प्रकार पाडलेले आहेत. फक्त पायी जायची वाट ती फुटपाथ, तिच्या खुणेचा बाण पिवळा. घोडा नेता येतो ती ब्रायडलवे, तिचा बाण निळा. १९६८च्या कायद्यानं ब्रायडलवेवर सायकललाही मुभा दिली, अट एवढीच, की पायी चालणारा किंवा घोडेस्वार दिसला की आधी त्याला वाट द्यायची. म्हणजे निळा बाण आपला. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा कागदी नकाशाही जवळ असू द्या. त्यावर चर्चला चौकोनी मनोरा असेल तर काळा चौकोन आणि वर क्रूस, निमुळतं शिखर असेल तर काळा गोल आणि वर क्रूस. पुढच्या वळणानंतर काय दिसणार ते आधीच कळतं, आणि चुकलात तर दुरून मनोरा बघून आपण कुठे आहोत तेही कळतं.

मोरटनहून पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर सेझिनकोट. झाडीतून खाली उतरलं की समोर तांब्याचा, हिरवा पडलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट! कोपऱ्यांना छत्र्या, भिंतीबाहेर झुकलेला रुंद छज्जा, कमानीदार खिडक्या. भोवती मात्र इंग्लंडची कुरणं आणि त्यात चरणाऱ्या मेंढ्या. हे घर चार्ल्स कॉकरेल नावाच्या कंपनीच्या माणसानं १८०५च्या सुमारास बांधायला घेतलं. वास्तुविशारद त्याचाच भाऊ सॅम्युअल. सॅम्युअलनं हिंदुस्थान पाहिला नव्हता, म्हणून सल्ल्याला घेतला थॉमस डॅनियल. हा चित्रकार पुतण्याला बरोबर घेऊन कित्येक वर्षं आपल्याकडे चित्रं काढत हिंडला होता. बागेत सूर्याची मूर्ती असलेलं छोटं देऊळ आहे, ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. आत शिराल तर सगळा कारभार चोख युरोपीय. हिंदुस्थान भिंतीच्या बाहेरच थांबतो. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला राजपुत्र हे घर बघून गेला, आणि ब्रायटनच्या त्याच्या महालाला घुमट चढले त्यामागे सेझिनकोट आहे, असं मानतात. मला विचाराल तर घर देखणं आहे आणि ते बघताना मन थोडं कडू होतं, दोन्ही एकाच वेळी. हे आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं, तेव्हा वार बघूनच निघा.

लाँगबरो सोडून ब्रॉडवेलकडे जाताना एक सरळसोट हमरस्ता आडवा येतो. तो फॉस वे, रोमनांनी एक्झिटरहून लिंकनकडे नेलेला. आजही मोटारी त्यावरून सुसाट जातात. नीट बघून ओलांडा. पुढे ॲडलस्ट्रॉप लागतं. इथलं रेल्वे स्टेशन १९६६ साली बंद झालं, पण त्याची पाटी गावकऱ्यांनी बसच्या निवाऱ्यात लावून ठेवलीय. घोटभर पाणी प्यायला तो बाक छान.

आणि तिथून अगदी जवळ डेल्सफर्ड.

हेस्टिंग्जचा जन्म १७३२चा. आई त्याला जन्म देऊन लगेच गेली, बाप बार्बाडोसला निघून गेला, पोराला वाढवलं आजोबांनी. आजोबा डेल्सफर्डचे पाद्री, घरची परिस्थिती बेताची. एके काळी सगळी डेल्सफर्डची जहागीर याच घराण्याची, पण ती १७१५ साली विकली गेली होती. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्यापडल्या आपण ही जहागीर परत मिळवायचीच असं ठरवलं, हे तो पुढे म्हातारपणी सांगायचा. १७५०मध्ये कंपनीचा कारकून म्हणून तो बंगालला गेला आणि चढत चढत पहिला गव्हर्नर जनरल झाला. १७७९ साली वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांना गाठून तह लिहून घेतला, तो तह याच हेस्टिंग्जनं धुडकावला आणि युद्ध लांबलं. सालबाई त्यानंतरची.

परतल्यावर १७८८मध्ये त्यानं डेल्सफर्ड विकत घेतलं. गंमत बघा, त्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटात महाभियोगाचा खटला उभा राहिला. काशीच्या चेतसिंगाकडून आणि अयोध्येच्या बेगमांकडून पैसा उकळला, असे आरोप. आरोप करणाऱ्यांत पुढे खासदार एडमंड बर्क. खटला सात वर्षं चालला. १७९५मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण वकिलांनी त्याला धुऊन काढलं. इकडे घराचं बांधकाम चालूच. वास्तुविशारद तोच सॅम्युअल कॉकरेल, आणि घराला घुमट तर आलाच. हे घर आज खाजगी आहे, रस्त्यावरून झाडांशिवाय फारसं काही दिसत नाही. आपण जायचं चर्चमध्ये.

चर्च लहानसं, झाडांत बुडालेलं. फाटकाला सायकल टेकवून मागच्या बाजूला, पूर्वेच्या भिंतीपाशी जायचं. तिथं दगडी चौथऱ्यावर एक कलश आहे, शेवाळ आणि दगडफुलानं डागाळलेला, आणि त्यावर वॉरन हेस्टिंग्ज हे नाव. १८१८ साली तो इथं वारला. आपल्याला हे साल वेगळ्या कारणानं पाठ आहे: त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावानं कंपनीच्या माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि पेशवाई संपली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत हेस्टिंग्ज गेला. पदवी, पराक्रम, लढाया, तह, यातलं थडग्यावर काही नाही. ज्याच्या नावावर आपण धडेच्या धडे पाठ केले, तो माणूस त्याच्या गावात एवढासा उरलाय.

किंगहॅमवरून चर्चिल गावाकडे पाय मारताना चढ जाणवू लागतो. हेस्टिंग्ज जन्मला तो याच चर्चिलमध्ये, आणि लहानपणी धर्मादाय शाळेत शिकला. पण मला या गावाचं आकर्षण आहे दुसऱ्या माणसासाठी. १७६९ साली इथल्या लोहाराच्या घरी विल्यम स्मिथ जन्मला. गावातल्या दूधवाल्या बायका लोणी तोलायला शेतात सापडणारे गोल, बनपावाच्या आकाराचे दगड वापरायच्या, पौंडाचं वजन म्हणून. हातात घेतला तर वरच्या अंगाला मधोमध पाच पाकळ्यांची नक्षी दिसते. ते सी अर्चिन, म्हणजे काटेरी समुद्री जीव. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी इथं उबदार समुद्र होता, त्यातले दगड झालेले जीव. स्मिथ लहानपणी हेच गोळा करत हिंडला. पुढे कालव्यांसाठी मोजणी करताना त्याच्या ध्यानात आलं, की खडकांचे थर ठरावीक क्रमानं येतात आणि प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात. १८१५ साली त्यानं इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. अख्ख्या देशाचा असा नकाशा तोवर कुणी केला नव्हता. त्यापायी तो कर्जात बुडाला आणि कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन आला. गावात त्याच्या नावानं इथल्याच दगडाचा ओबडधोबड खांब उभा केलाय.

त्याचं शास्त्र सायकलवाल्याच्या मांड्यांना चांगलं कळतं. मोरटनच्या आसपास चिकणमाती, रस्ता सपाट, पावसात चिखल. चढ लागला की समजा आपण चुनखडीवर आलो. गडगे, घरं, चर्च सगळं त्याच मधाळ पिवळ्या दगडाचं. ही कुरणं मेंढ्यांना मानवली, मेंढ्यांची लोकर युरोपभर गेली आणि लहानलहान गावांत एवढाल्या थोरल्या चर्चना पैसा मिळाला. कंपनीचा पैसा त्यावर मागाहून आला.

चिपिंग नॉर्टनमध्ये जेवून घ्या आणि उत्तरेला रोलराइटच्या धारेवर चढा. वारा समोरून आला तर हा टप्पा जीव काढतो. वर सत्तरहून जास्त दगडांचं रिंगण आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. दगड किडक्या दातासारखे भोकाभोकांचे. कथा अशी: एक राजा देश जिंकायला निघालेला. चेटकीण म्हणाली, सात ढांगा टाक, समोरचं लाँग काँप्टन गाव दिसलं तर तू इंग्लंडचा राजा. सातव्या ढांगेला जमीनच टेकाड होऊन आडवी आली, आणि राजा, सैन्य सगळे दगड झाले. रिंगण म्हणजे शिपाई. थोडं दूर एकमेकांकडे झुकलेले चार-पाच उंच दगड आहेत, ते फितुरीची कुजबुज करणारे सरदार. प्रत्यक्षात ते रिंगणाहून हजारेक वर्षांनी जुनं थडगं आहे. राजा एकटा रस्त्यापलीकडे उभा. गुरं हाकणारे लोक ताईत म्हणून त्याचे टवके काढून न्यायचे, म्हणून त्याचा आकार असा वाकडातिकडा. दगड मोजले तर दर वेळी वेगळा आकडा येतो म्हणतात. मोजून बघा, येतोच.

आता बराचसा उतार. लिटल काँप्टनवरून चॅसल्टनला या. इथला वाडा १६०७ ते १६१२च्या दरम्यान वकिलीच्या पैशावर वर आलेल्या वॉल्टर जोन्सनं बांधला. जमीन विकणारा होता रॉबर्ट केट्सबी, जो पुढे पार्लमेंट उडवण्याच्या कटाचा म्होरक्या निघाला. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत, १६५१च्या वूस्टरच्या लढाईनंतर, राजाच्या बाजूचा, या घरचा आर्थर जोन्स पळत घरी आला, पाठोपाठ पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेलचे शिपाई. बायकोनं नवऱ्याला चोरखोलीत दडवलं आणि शिपायांच्या बिअरमध्ये अफूचा अर्क घातला. ते घोरू लागल्यावर नवरा त्यांच्याच घोड्यावरून पसार. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १९९१मध्ये वाडा घेतला, पण चकचकीत केला नाही. उडालेले रंग, विरलेले पडदे तसेच आहेत. ते मला फार आवडतं. इथल्या एक मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, आमचा सगळा पैसा युद्धात गेला हो. पाहुण्यांना वाटायचं, हिटलरच्या. बाई सतराव्या शतकातल्या यादवीबद्दल बोलत असायच्या.

चॅसल्टनहून ईव्हनलोड गावावरून मोरटनला परत, रस्ता सोपा. एकच सांगतो, शरद ऋतूत जात असाल तर जास्तीची ट्यूब ठेवा. तेव्हा शेतकरी कुंपणं छाटतात आणि काटे रस्त्यावर पडतात. रविवारी गाड्या कमी असतात, वेळा बघून ठेवा. नमस्कार.