ऊगो सांचेस: एका स्पर्शाचे ३८ गोल

नमस्कार. मेक्सिकोचा बचावपटू रफाएल मार्केस याच्यावरचा व्हिडिओ आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी एकच गोष्ट लावून धरली आहे, की मेक्सिकोच्या फुटबॉलचा विषय काढला असताना फॉरवर्ड ऊगो सांचेसला वगळून पुढे जाता येणार नाही. २०२६ च्या विश्वचषकाने मेक्सिको सिटीच्या आस्तेका स्टेडियमला १९७० आणि १९८६ नंतर तिसऱ्यांदा उद्घाटनाच्या सामन्याचा मान दिल्यामुळे ही विचारणा आणखी वाढली. विचारणा रास्त आहे. मात्र त्याच व्हिडिओखाली एका प्रेक्षकाने सांचेसला 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हटले आणि त्याला बऱ्याच जणांनी दुजोराही दिला. तेव्हा आजचा बहुतेक वेळ मी त्या एका वाक्यावर खर्च करणार आहे.

आधी नावाविषयी. मी 'ह्यूगो' न म्हणता 'ऊगो' का म्हणतो, असे विचारले जाते. स्पॅनिशमध्ये या जागी 'ह'चा उच्चार होत नाही. आडनावाचा शेवट स्पेनच्या बऱ्याच भागांत 'थ'च्या जवळ जातो, मेक्सिकोत मात्र तो स्वच्छ 'स' असतो, आणि हा खेळाडू मेक्सिकोचा असल्यामुळे मी 'सांचेस' म्हणतो.

कारकिर्दीचा आराखडा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म ११ जुलै १९५८, मेक्सिको सिटी. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या पुमास या संघातून १९७६ मध्ये व्यावसायिक पदार्पण, आणि त्याच विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी. १९८१ मध्ये स्पेनला आत्लेतिको माद्रिद, तेथे १९८५ च्या कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. मग रेआल माद्रिद, १९८६ ते १९९० सलग पाच वेळा ला लीगाचे, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगचे, विजेतेपद, १९८६ चा युएफा चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा. ला लीगात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा पिचिची पुरस्कार पाच वेळा: १९८५ मध्ये आत्लेतिकोकडून, आणि १९८६, १९८७, १९८८ व १९९० मध्ये रेआलकडून. ला लीगातील एकूण गोल २३४. तो स्पेनमधून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पुढे फक्त तेल्मो सारा होता, २५१ गोलांसह.

आता मुख्य मुद्दा. १९८९-९० च्या हंगामात सांचेसने ला लीगात ३८ गोल केले आणि साराच्या १९५०-५१ च्या विक्रमाची बरोबरी केली. साराने तेवढेच गोल ३० सामन्यांच्या हंगामात केले होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सांचेसच्या या ३८ गोलांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक गोल त्याने चेंडूला एकच स्पर्श करून केला. चेंडू अडवला, सावरला, बचावपटूला चकवले आणि मग मारला, असा गोल त्या ३८ मध्ये एकही नाही. 'आयत्या बिळावरचा नागोबा' ही टीका नेमकी येथूनच सुरू होते. बाकीच्यांनी चेंडू गोलाच्या तोंडाशी आणून द्यायचा आणि याने फक्त पाय लावायचा, असे त्या टिप्पणीत लिहिले होते. हा 'फक्त' शब्द मला मान्य नाही.

पेनल्टीचा हिशेब आधी मिटवतो, कारण तो आक्षेप खरा आहे. पेनल्टी आणि थेट फ्री किक एकाच स्पर्शाने मारली जाते. तेथे दुसऱ्या स्पर्शाला वावच नसतो. ३८ मध्ये असेही गोल आहेत आणि ते बाजूला काढून बोलायला माझी हरकत नाही. ते बाजूला काढल्यावरही जे उरतात त्यांच्यात हेडर आहेत, हवेतच मारलेले व्हॉली आहेत, क्रॉसला, म्हणजे बगलेवरून गोलासमोर आलेल्या चेंडूला, धावत जाऊन वळवलेले गोल आहेत. गोलरेषेपासून दोन पावलांवर उभे राहून ढकललेला चेंडू, म्हणजे ज्याला आपण टॅप-इन म्हणतो, तो एका स्पर्शाच्या गोलाचा एक लहानसा प्रकार आहे. 'एका स्पर्शात मारलेला' आणि 'सोपा' हे दोन शब्द समानार्थी नाहीत, आणि माझी तक्रार एवढ्यासाठीच आहे, की आपण ते सर्रास समानार्थी वापरतो.

येथे माझा फळा पाहा. सामन्यांची दृश्ये हक्कांमुळे दाखवता येत नाहीत, म्हणून लोहचुंबकाच्या सोंगट्यांवर काम चालवतो.

[फळ्यावर: उजवीकडून क्रॉस, डीमध्ये (गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्रात) दोन बचावपटू, एक फॉरवर्ड, गोलरक्षक]

समजा, रेआलमधला सांचेसचा सहकारी मिचेल याने उजव्या बगलेवरून क्रॉस दिला. फॉरवर्डने चेंडू छातीवर किंवा पायावर घेतला, तर त्या क्षणी तीन गोष्टी घडतात: जवळचा बचावपटू अंगावर येतो, दूरचा बचावपटू मारण्याची रेषा बंद करतो, आणि गोलरक्षक दोन्ही पाय रोवून तयार होतो. पहिला स्पर्श कितीही सुरेख असला, तरी तो प्रतिस्पर्ध्यांना सावरायला वेळ देतो. सांचेस तो वेळ देतच नसे. गोलरक्षक अजून क्रॉसच्या दिशेने सरकत असताना, त्याचे वजन एकाच पायावर असताना, चेंडू उलट बाजूने आत जाई. म्हणून त्या काळातले चित्रण पाहताना गोलरक्षक जागच्या जागी खिळल्यासारखे दिसतात, आणि आपण तेवढ्यावरून गोल सोपा होता असा निष्कर्ष काढतो.

हीच गोष्ट बचावपटूच्या बाजूने सांगतो, कारण ती मला अंगावर घेऊन कळली आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मी अनेक हंगाम बचावफळीत खेळलो. आमच्या स्थानिक लीगमध्ये एक वयस्कर फॉरवर्ड होते. धावण्यात त्यांना मी केव्हाही मागे टाकू शकलो असतो, पण त्यांना राखायची वेळ आली की रात्री झोप लागत नसे. ड्रिबल करणारा खेळाडू चेंडू पायाशी घेतो तेव्हा बचावपटूला निदान चूक दुरुस्त करण्याची एक संधी मिळते. हे गृहस्थ आधी माझ्या पाठीमागे, मला न दिसणाऱ्या जागी जात, मग दोन पावले दूरच्या खांबाकडे टाकत, मी त्यांच्यामागे वळलो की नेमक्या त्याच क्षणी जवळच्या खांबाकडे झेपावत. चेंडू येई तेव्हा माझे तोंड चुकीच्या दिशेला असे. प्रेक्षकांना दिसे ते एवढेच, की कुणीही जवळ नसलेल्या माणसाने चेंडू आत ढकलला. कुणीही जवळ का नव्हते, हे पाहायला कोणाची नजर तिकडे नसे. सांचेसचे जुने सामने मी पुढे पाहिले आणि तीच दोन पावले ओळखीची निघाली.

आता तिसऱ्या बाजूने पाहू, म्हणजे चेंडू देणाऱ्याच्या बाजूने. 'बाकीचे आणून देत होते' यातला अर्धा भाग खरा आहे. रेआलचा तो संघ असामान्य होता. बुत्रागेन्यो, मिचेल, मार्तिन वास्केस, सांचिस ही क्लबच्याच तालमीत वाढलेली पिढी ऐन भरात होती, आणि प्रशिक्षक जॉन टोशॅक यांच्या हाताखाली त्या हंगामात संघाने लीगमध्ये १०७ गोल केले. तो विक्रम २०११-१२ पर्यंत टिकला. परंतु मिचेलने क्रॉस मारला तो कुठे? माणूस उभा आहे तेथे नव्हे, तर माणूस पोहोचणार आहे तेथे. ती जागा ठरवत होता धावणारा. चेंडू मिचेलच्या पायातून सुटण्याआधी सांचेस निघालेला असे, आणि त्याला शरीराचा कोन, उडी, पायाचा की डोक्याचा स्पर्श, हे सर्व चेंडू हवेत असतानाच ठरवावे लागे. दोन स्पर्श घेणारा खेळाडू पहिल्या स्पर्शानंतर विचार बदलू शकतो, एका स्पर्शाने मारणाऱ्याला ती मुभा नसते.

शरीर हवेत असताना ताब्यात ठेवण्याची ही विद्या त्याला मिळाली ती घरातून, जिम्नॅस्टिक्समधून. वडील एक्तोर सांचेस फुटबॉलपटू होते आणि बहीण एर्लिंदा जिम्नॅस्ट. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बहीण जिम्नॅस्टिक्सच्या संघात होती आणि भाऊ फुटबॉलच्या. गोल केल्यावर तो हवेत कोलांटउडी घेई, ती बहिणीकडून आलेली. अनेक टिप्पण्यांमध्ये तिला दिखाऊपणा म्हटले आहे. मला ती त्याच्या खेळाची गुरुकिल्ली वाटते. १० एप्रिल १९८८ चा लोग्रोन्येसविरुद्धचा गोल आठवा. मार्तिन वास्केसने डावीकडून दिलेला क्रॉस सांचेसच्या डोक्यामागे जात होता. त्याने गोलाकडे पाठ करून, जमिनीला जवळजवळ समांतर होऊन, हवेतल्या हवेत चेंडू मागे भिरकावला आणि तो वरच्या कोपऱ्यात शिरला. बायसिकल किक अनेकांनी मारल्या आहेत, पण त्या उंचीवर आणि त्या स्थैर्याने मारलेल्या फार थोड्या. मेक्सिकोत अशा किकला त्याच्या नावावरून 'उगीना' म्हणतात. तोही एका स्पर्शाचाच गोल होता, आणि त्याला कोणी आयता म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

विश्वचषकाविषयी इतके प्रश्न आहेत, की तिकडे वळावेच लागेल. आमच्या घरात सांचेसचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते 'पेनल्टी चुकवणारा' म्हणून. १९८६ चा विश्वचषक म्हणजे वडिलांच्या लेखी मारादोना, आणि वर्तमानपत्रातून त्यांच्या लक्षात राहिलेला यजमान संघाचा हा एक खेळाडू. बेल्जियमविरुद्ध सांचेसने गोल केला होता. पुढच्याच सामन्यात, ७ जूनला आस्तेकावर, पॅराग्वेविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणांत त्याला पेनल्टी मिळाली आणि गोलरक्षक रोबेर्तो फेर्नांदेसने ती अडवली. प्रशिक्षक बोरा मिलुतिनोविच यांचा तो संघ तरीही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि मोंतेर्रेईत पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरला. एका पेनल्टीवरून माणसाचे मोजमाप करू नये, हे वडिलांना पटवायला मला बरीच वर्षे लागली.

त्याहून मोठी हानी चार वर्षांनी झाली, आणि तिच्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. १९८८ मध्ये वीस वर्षांखालील गटाच्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकोने वयोमर्यादा ओलांडलेले चार खेळाडू उतरवले. ते उघडकीस आल्यावर फिफाने मेक्सिकोच्या सर्व संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. तिकडे हे प्रकरण 'काचिरूलेस' या नावाने ओळखले जाते. त्यामुळे १९८८ चे ऑलिंपिक गेले आणि १९९० चा विश्वचषकही गेला. ज्या वर्षी सांचेसने ३८ गोल केले, सीएसकेए सोफियाच्या ह्रिस्तो स्टॉइचकॉव्हबरोबर युरोपातल्या लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट विभागून घेतला, त्याच उन्हाळ्यात इटलीत विश्वचषक सुरू झाला तेव्हा हा फॉरवर्ड मैदानाबाहेर होता. कुमार गटातली वये खोटी लिहिणाऱ्यांनी ज्येष्ठ गटातल्या खेळाडूंचे आयुष्यात एकदाच येणारे वर्ष हिरावले. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात तो होता, पण वय छत्तिशीला टेकलेले. बाद फेरीत समोर बल्गेरिया, आणि त्यांच्याकडून पहिला गोल केला तो त्याच स्टॉइचकॉव्हने. सामना १-१ असा अतिरिक्त वेळेत गेला, बदली खेळाडू उतरवायची मुभा शिल्लक होती, सांचेस बाकावर होता, आणि प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन यांनी त्याला उतरवले नाही. मेक्सिको पेनल्टींवर हरला. मेक्सिकोत या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. थकलेल्या पायांनाही एक स्पर्श जमतो, आणि अशा सामन्यात तेवढाच हवा असतो, म्हणून माझे मत वाद घालणाऱ्यांच्या बाजूने आहे.

'तो प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरला' अशीही एक टिप्पणी आहे. २००४ मध्ये त्याने पुमासला लागोपाठ दोन लघुहंगामांची (एका वर्षात खेळल्या जाणाऱ्या दोन स्वतंत्र छोट्या हंगामांची) विजेतेपदे मिळवून दिली आणि मेक्सिकोत लघुहंगाम सुरू झाल्यापासून असे करणारा तो पहिला प्रशिक्षक होता. राष्ट्रीय संघाबरोबरचा काळ मात्र २००८ मध्ये, ऑलिंपिकची पात्रता हुकल्यावर, संपला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता कोल्हापुरातल्या एका शाळकरी फॉरवर्डचा प्रश्न, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला: हे शिकायचे कसे? लहानपणी मला एका शिक्षकांनी 'आधी चेंडू थांबव, मग वर बघ' असे शिकवले होते. चेंडू हाताळायला शिकताना ते बरोबर आहे, पण डीमध्ये क्रम उलटा करायला हवा. एका मित्राला बगलेवर दहा चेंडू घेऊन उभे कर, दुसऱ्याला गोलात. मित्राने चेंडूला पाय लावण्याआधी एकदा गोलरक्षकाकडे पाहायचे आणि तो कोणत्या पायावर आहे ते मोठ्याने सांगायचे, 'डावा' किंवा 'उजवा'. मग दोन पावले दूरच्या खांबाकडे, एक झेप जवळच्या खांबाकडे, आणि एकच स्पर्श. चेंडू बाहेर गेला तरी चालेल, पण पाय आधी सांगितला नसेल तर गोल झाला तरी तो मोजायचा नाही. महिनाभर हे केल्यावर दहापैकी कितीदा पाय बरोबर सांगता आला, ते मला खाली लिहून कळव.