सावकाश चालणाऱ्या यॉटची मजा

नमस्कार मंडळी! सोलापुरापासून समुद्र लांब आहे खरा, पण रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की सकाळी सीएसएमटी आणि तिथून गेटवे टॅक्सीने अगदी जवळ, त्यामुळं आजचा विषय आपला नाही असं समजू नका. बोलायचंय मोटर यॉटवर, म्हणजे झोपायला केबिन, छोटंसं किचन, वर मोकळा डेक असलेली बोट, आणि तीही सावकाश चालवायची.

सावकाश का, तर बघा, जड बुडाची बोट चालताना स्वतःच पाण्यात लाट उठवते, स्पीड वाढेल तशी ती लाट लांब होत जाते आणि एका हद्दीनंतर बोटीला आपलीच लाट चढायची वेळ येते. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांब असलेल्या बोटीची ही हद्द साधारण ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. त्यापुढं रेटलं की डिझेल बेसुमार जातं, आवाज वाढतो आणि चहा काही कपात राहत नाही. ६ नॉटला मात्र इंजिनाची नुसती घरघर, शेजारच्याशी साध्या आवाजात गप्पा होतात, मला तर सगळं सुख यातच वाटतं.

सीझन म्हणाल तर दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंतचे महिने धरा, पावसाळ्यात नावच काढू नका. या दिवसांत पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा असतो, किनाऱ्याजवळ पाणी शांत असतं, आणि दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठायला लागतात, म्हणून पहाटे निघायचं आणि जेवायच्या वेळेला आडोशाला नांगर टाकायचा. गेटवेहून दक्षिणेला मांडवा, मग खांदेरी, महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला बेटावरचा किल्ला, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलाय. अलिबागचा कुलाबा किल्ला आपण वाळूत उभं राहून बघतो, तो एकदा समुद्राकडून बघा, शत्रूच्या जहाजाला कसा दिसत असेल ते कळतं!

नांगर टाकताना जवळ जाऊन जरूर बघा. पाणी ५ मीटर असेल तर साखळी निदान २५ मीटर सोडतात, कारण साखळी तळाशी आडवी पडली तरच ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात रुततो. त्यात मुंबईकडं मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणून साखळीचा हिशोब भरतीच्या पाण्यावर करावा लागतो.

आणि जेवण? कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. डुलत्या बोटीवर गॅस पेटवायची गरजच नाही, आपल्या कडक भाकरीइतकं यॉटला शोभणारं जेवण दुसरं नसेल.

बुकिंग करताना फोनवरच विचारा, लाईफजॅकेट सगळ्यांना आहेत का, पोरांच्या मापाची वेगळी आहेत का, आणि तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आधीच सांगून ठेवा, खांदेरीला पोचायला दोन-अडीच तास लागले तरी चालतील.