क्रूझवरून उतरताना आईची पर्स

नमस्कार मंडळी! रविवारची सकाळ आहे, चहा झाला असेलच, नसेल तर कप घेऊन बसा. डिसेंबर जवळ आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय असतो. आईबाबा भारतातून इथे अमेरिकेत आलेत, बाहेर कडाक्याची थंडी, त्यांना न्यायचं कुठं? मग कुणीतरी म्हणतं क्रूझ करा की, मायामीहून चार रात्री बहामा, फार चालायला नको, स्वयंपाक नको, दमले की खोलीत जाऊन पडायचं. खरंय ते. कुठल्या जहाजावर डाळभात मिळतो इथपर्यंत सल्ले येतात, पण शेवटच्या दिवशी सकाळी उतरताना, कस्टम्समधून बाहेर पडताना जो गोंधळ होतो त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून आज तेवढंच सांगतो.

जहाज पहाटे पाच-सहाला धक्क्याला लागतं. आपले लोक तेव्हापासून आंघोळ करून, बूट घालून जिन्यात उभे. काही उपयोग नाही हो! आधी जहाजाला अधिकाऱ्यांची परवानगी मिळते, सामान खाली जातं आणि मग साधारण सात-साडेसातला माणसं सोडायला लागतात. तीन-चार हजार माणसं, आणि त्याच दुपारी त्याच जहाजात तितकीच नवी चढणार असतात, त्यामुळे साडेनऊ-दहापर्यंत जहाजवाल्यांनाच तुम्हाला बाहेर काढायची घाई असते. तेव्हा सकाळी दहाचं विमान बुक करू नका, दुपारी बारानंतरचं घ्या. फोर्ट लॉडरडेलचं क्रूझचं बंदर, पोर्ट एव्हरग्लेड्स, आणि तिथलं विमानतळ अगदी शेजारी शेजारी आहेत, तरीसुद्धा.

उतरायचे प्रकार दोन. एक म्हणजे सगळ्या बॅगा स्वतः ओढत सगळ्यात आधी उतरायचं. दुसरा म्हणजे आदल्या रात्री बॅगेला नंबराचा टॅग लावून ती खोलीबाहेर ठेवायची आणि सकाळी आपला नंबर पुकारला की उतरून खाली टर्मिनलमध्ये शोधायची. पहिला प्रकार फास्ट, पण तो तरुण पोरांसाठी. बाबांचे गुडघे, आईची जड बॅग आणि लिफ्टला ही गर्दी, असं असेल तर त्या फंदात पडू नका. बॅगा बाहेर ठेवणार असाल तर गोळ्या, पासपोर्ट, चष्मा आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत राहू द्या, कारण आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रात्री अकराला सगळं आवरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी लक्षात आलं की अंगात बनियन-लेंगा सोडून खोलीत एकही कपडा नाही. ते तसेच उतरले, वर टॉवेल पांघरून. खाली सगळ्यांच्याच बॅगा काळ्या नाहीतर निळ्या असतात, म्हणून हँडलला जुन्या साडीचा काठ बांधा, लांबून दिसतो.

आता तपासणी. इथे पूर्वीपेक्षा बराच फरक पडलाय. प्रवाशांची यादी जहाज आधीच सरकारकडे पाठवतं, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलवर तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, तुमचा चेहरा पासपोर्टच्या किंवा व्हिसाच्या फोटोशी जुळतो आणि झालं. टोपी काढा, गॉगल काढा, मोबाईल खिशात टाका, पासपोर्ट मात्र हातात असू द्या. सीबीपीचं, म्हणजे कस्टम्स आणि बॉर्डरवाल्यांचं, मोबाईल पासपोर्ट कंट्रोल नावाचं फुकट ॲप आहे, ते मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स, पाम बीच आणि पोर्टो रिकोतलं सॅन वॉन अशा बंदरांवर चालतं. घरीच डाउनलोड करून माहिती भरून ठेवा, जहाजावरचं वायफाय महाग असतं. जहाज धक्क्याला लागून फोनला रेंज आली की सबमिट करायचं.

पण इथेच आपली गोची होते. ते ॲप अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, कॅनडाच्या नागरिकांना आणि बिनव्हिसाच्या देशांतल्या काही लोकांनाही चालतं, पण भारतातून टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईबाबांना नाही. म्हणजे मुलगा-सून दहा मिनिटांत बाहेर आणि आईबाबा दुसऱ्या लाइनीत, आणि ऑफिसरने इंग्लिशमधून काही विचारलं की आई तुमच्याकडे बघणार, तुम्ही तर काचेपलीकडे! आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं, मी तिकडून हातवारे करतोय आणि तिकडचा गार्ड मला ओरडतोय. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, सगळे मिळून एकाच लाइनीत, हळूच्या लाइनीत. एकूण वेळ तेवढाच लागतो, कारण बाहेर जाऊन तुम्ही आईबाबांचीच वाट बघणार असता. ग्लोबल एंट्रीचंही, म्हणजे आधीच चौकशी झालेल्या प्रवाशांना झटपट आत सोडणाऱ्या योजनेचंही, लोक विचारतात, १२० डॉलर, पाच वर्षं, २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही मिळते. विमानाने वरचेवर फिरत असाल तर जरूर काढा, नुसत्या क्रूझसाठी काढू नका. आणि ज्यांना खरंच चालवत नाही त्यांच्यासाठी आदल्या दिवशीच जहाजावरच्या काउंटरला व्हीलचेअर सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर ताटकळत बसावं लागतं.

एक गोष्ट जरा सिरीयस आहे. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहात आणि पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय? तीस दिवसांच्या आत परत आलात तर संपलेल्या स्टॅम्पवरही आत घेतात असं कुणी सांगेल. तो नियम आहे, पण तुमच्यासाठी तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरता, बहामा-जमैकासाठी नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांना जवळची बेटंही चालतात, पण त्यात क्यूबा नाही, आणि त्यांनीही युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच बुकिंग करावं. यात चूक झाली तर लाइन लांब की छोटी हा प्रश्नच उरत नाही.

खरेदीचं थोडक्यात. इथे राहणाऱ्यांना साधारणपणे माणशी ८०० डॉलरपर्यंतचं सामान ड्युटी न भरता आणता येतं, आणि जहाजावरच्या दुकानात घेतलेलं घड्याळही त्यात मोजतात, 'ड्युटी फ्री' पाटी वाचून फसू नका. एका घरात राहणारे, एकत्र परतणारे लोक मिळून एकच हिशोब देऊ शकतात. पावत्या एका पाकिटात ठेवा आणि विचारलं की लगेच आकडा सांगा. जो "अं... बहुतेक..." करतो त्याची बॅग उघडते. क्यूबन सिगार आणि क्यूबन रम २०२० च्या सप्टेंबरपासून आणता येत नाही, दुकानदार काहीही सांगो. किनाऱ्यावर सापडलेलं पोवळं मुलांनी खिशात घातलंय का तेही बघा.

आणि आता फळं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मायामीला उतरलो, सामान मिळालं, सगळं सुरळीत. तेवढ्यात एक छोटा बीगल कुत्रा आला, हिंडत हिंडत आईपाशी आला आणि शांतपणे तिच्या पायाशी बसला. आई खूश! "बघ कसं गुणी आहे, माझ्याजवळच येऊन बसलं," म्हणून ती वाकून त्याला चुचकारायला लागली. मला घाम फुटला, कारण मला माहीत होतं की ते कुत्रं प्रेमाने बसत नाही, त्याला वास आला की बसतं. बरोबरच्या ऑफिसरने विचारलं, फळं आहेत का? मी आईला न विचारताच ठासून सांगितलं, नो सर. पर्स उघडली तर आत बफेमधली दोन सफरचंदं, एक केळं आणि टिश्यूत गुंडाळलेलं सँडविच, त्यात हॅम! आई शाकाहारी आहे, तिला वाटलं टोमॅटो आहे. ऑफिसर भला होता, सगळं कचऱ्यात टाकलं आणि ताकीद देऊन सोडलं, पण दंड होऊ शकतो, सांगून टाकलं तर सहसा फक्त फळं जातात आणि लपवलं तर पैसेही जातात. फळ अमेरिकेतूनच जहाजावर आलेलं असलं तरी उतरताना नियम तोच. लाडू-चकल्या उरल्या असतील तर त्याही आहेत म्हणून सांगा, बहुतेक वेळा हसून सोडतात. बाबा मात्र त्यानंतर पार्किंगपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि आईचं एकच, की टाकलं कशाला, त्या कुत्र्याला तरी द्यायचं होतं.

या डिसेंबरला ते दोघं परत येतायत, बुकिंग झालंय. आमचा हा रेडिओचा प्रोग्राम आता मोबाईलवरही लागतो, त्यामुळे आई सांगलीत बसून ऐकत असणार. आई, या वेळी उतरायच्या आदल्या रात्री पर्स मी बघणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.