गाडी तापते कुठं, ते आधी विचारा

[दृश्य : उसाचा फड, भरलेले ट्रक, कारखान्याचा वाहनतळ]

नोव्हेंबर उजाडला की सांगली जिल्ह्यात उसाच्या गाड्यांना उसंत नसते. मोळ्या भरायच्या, गाडी फडातून बाहेर काढायची, वाहनतळावर नंबर लागेपर्यंत थांबायचं, वजनकाटा करून गव्हाणीकडं, म्हणजे ऊस टाकायच्या जागेकडं, जायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत फडात. या दिवसांत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडं सरकला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी उभी राहिली तर टोळी बसून राहते, तोडलेला ऊस वाळत पडतो. मग घाईनं गॅरेजला फोन जातो आणि कुणीतरी गाडी न बघताच सांगतं, ‘हेड उतरवावं लागेल.’ म्हणजे इंजिनचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग खोलायचा.

हेड उतरवायच्या आधी घरच्या अंगणात बरंच काही कळू शकतं. वाळवा तालुक्यातल्या एका वस्तीवर दोघं भाऊ आज तेच बघताहेत. चाकांना दगडांची ओट लावलीय. धाकट्यानं पाना अजून हातात घेतलेला नाही. तो आधी विचारतो, “दादा, तापते कुठं? नंबरला थांबल्यावर, का रोडला पळताना?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. गाडी थांबलेली असताना तापते आणि पळायला लागली की निवते, तर संशय फॅनवर. बेल्ट ढिला असेल, नाहीतर व्हिस्कस फॅनचा क्लच, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला जोडणारा भाग, पकडत नसेल. सपाट रोडला वेगात तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी नळ्यांची जाळी, अर्धामुर्धा चोंदलाय. पुण्याहून येताना फक्त खंबाटकीच्या चढाला किंवा चिपळूणहून वर येताना फक्त कुंभार्लीत काटा चढतो, तर कूलिंगची ताकद हळूहळू कमी होत आलीय. आणि सकाळी चालू केल्यावर थोड्याच वेळात तापली, तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद अवस्थेत अडकलाय का, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय का, हे आधी बघायचं.

[दृश्य : रेडिएटरचं झाकण, जवळून]

हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. आतला दाब वाढवून ते पाण्याला १०० अंशांवर उकळू देत नाही. १ बार दाबाचं झाकण असेल तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे गरम गाडीचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी वाफेसकट तोंडावर येतं. फडकं धरूनसुद्धा उघडायचं नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. झाकणाचं रबर फाटलं असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी पाणी फेकते. स्वस्तातला पार्ट आहे, पण तपासायचं राहून जातं.

आता आत बघा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरट, खडबडीत थर बसलाय. हा क्षार आहे, आणि या भागातला खरा आजार हाच.

कृष्णाकाठच्या मिरज-वाळवा पट्ट्यात क्षारपड जमीन शेतकऱ्यांना नवी नाही. तिथल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं. ते तापलं की क्षार नळ्यांच्या आतून धरतात, नळी अरुंद होते, आणि उष्णता बाहेर जायच्या वाटेवर एक भिंत उभी राहते. रेडिएटर बाहेरून नवाकोरा दिसतो. टेंपरेचर गन असेल तर गरम इंजिनवर जाळीभर फिरवून बघा. मधेच गार पट्टे सापडले, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. थर फार असेल तर वरून पाणी मारून भागत नाही, रेडिएटरची टाकी उघडून नळ्या सळईनं साफ कराव्या लागतात.

नुसत्या पाण्याचं दुसरं नुकसान तर दिसतही नाही. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, बाहेरून थेट पाणी फिरतं. लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोचला जातो. कुलंटमधली, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या द्रवातली, रसायनं त्यापासून लायनर वाचवतात. ती नसली तर एक दिवस भोक पडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. कुलंटचे पैसे वाचवू नका, ही कळकळीची विनंती आहे. कंपनीनं सांगितलेलं कुलंट आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर, एवढंच आत जायला हवं.

बाहेरची जाळीही बघा. पाचट, धूळ, ऑइलचा चिकटा. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, आणि बेतानं, नाहीतर पत्र्या वाकतात.

[दृश्य : रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे]

झाकण काढून, गार इंजिन चालू केलं. बुडबुडे थांबेनात. इथं बहुतेक जण हेड गॅस्केटचा निकाल देऊन मोकळे होतात. ऑइल दुधाळ झालं असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर तो संशय रास्त आहे. पण एअर ब्रेकच्या कित्येक ट्रकांत हवेचा कॉम्प्रेसरही इंजिनच्याच पाण्यानं गार होतो. त्याचं गॅस्केट गेलं तर हवा पाण्यात शिरते आणि लक्षण हुबेहूब तेच दिसतं. म्हणून ओट नीट आहे ना, बघून धाकटा ब्रेक दाबून हवेचा दाब उतरवतो. कॉम्प्रेसर हवा भरायला लागला की बुडबुडे वाढतात, हवेची टाकी भरली की कमी होतात. संशय हेडवरून कॉम्प्रेसरवर सरकला. हेड उतरवायचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचे दिवस, दोन्ही यानं टळू शकतात.

थर्मोस्टॅटचं काम चुलीवर होतं. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही. त्यावर कोरलेल्या अंशाला तो उघडायला लागला पाहिजे. उघडत नसेल तर नवा बसवा, पण काढून फेकू नका. काही इंजिनांत तो नसला की बायपास उघडाच राहतो, गरम पाणी रेडिएटरकडं न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

सगळं बसवल्यावर कुलंट सावकाश भरायचं, हवा काढायची, रेडिएटरचा वरचा रबरी होज गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं. मग भरलेल्या गाडीची एक खेप. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, पातळी पुन्हा बघायची. उतरली असेल आणि बाहेर कुठंच थेंब नसेल, तर ऑइलची काडी काढून बघा, आणि मग गॅरेज गाठा. तिथं पोचल्यावर मिस्त्रीला सांगायला तुमच्याकडं आता पुष्कळ काही असेल.