टेलिफोनच्या तारेवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत

मित्रहो, टेलिफोनची यंत्रणा उभी राहिली ती माणसाच्या बोलण्यासाठी, आणि बोलणे समजण्यापुरता जो पट्टा लागतो, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ, तेवढाच ती पुढे पाठवत असे. घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडायचे, तर सगळी देवाणघेवाण मोडेमच्या, म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोनवरून जाईल अशा संकेतांत बदलणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने याच अरुंद पट्ट्यातून न्यावी लागे. मोडेमसाठीच्या १९९४ च्या व्ही.३४ मानकाने सेकंदाला २८,८०० बिटांचा वेग दिला, तेव्हा कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारे नेहमीचे इथरनेट सेकंदाला एक कोटी बिटांचे होते. जवळजवळ साडेतीनशे पटींची ही तफावत पाहता, तारेवरून काय पाठवायचे यापेक्षा काय पाठवायचे नाही हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

जोडणीचे मार्ग दोन होते. पहिल्यात घरचा संगणक फोनवरून नेटवर्कचाच एक घटक बने. दुसऱ्यात कार्यालयातला एक संगणक चालू ठेवून दुरून त्याचा ताबा घेतला जाई, आणि तारेवरून केवळ दाबलेल्या कळा व पडद्यावरचे बदल जात. सर्व्हरवरच्या सामायिक फाइलमध्ये एका ग्राहकाची नोंद शोधायची आहे, असे समजा. पहिल्या मार्गाने शोधणारा प्रोग्राम घरी चाले, त्यामुळे फाइलचे तुकडेच्या तुकडे तारेवरून ओढले जात. त्यांची बेरीज एक मेगाबाइट झाली, तरी या वेगाला पाच मिनिटे लागत. दुसऱ्या मार्गाने शोध कार्यालयातच पुरा होई आणि घरी फक्त सापडलेली नोंद दिसे. मात्र फोन करणाऱ्या प्रत्येकामागे तिथला एक संगणक अडकून पडे. म्हणून ईमेल उतरवून घेण्यासाठी पहिला मार्ग आणि अशा शोधासाठी दुसरा, हीच विभागणी शहाणपणाची होती.

काटकसरीचा सर्वांत सुंदर नमुना मात्र पॅकेटच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या, शीर्षभागात सापडतो. दुरून टाइप केलेले एक अक्षर पाठवताना त्याच्यासोबत शीर्षभागात टीसीपी व आयपी या नेटवर्कच्या नियमसंचांची निदान ४० बाइटांची माहिती जाई, आणि तिचा बराचसा भाग मागच्या पॅकेटसारखाच असे. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन्ही टोके मागचा शीर्षभाग लक्षात ठेवतात आणि केवळ फरक पाठवतात. त्यामुळे ४० चे बहुधा तीन ते पाच बाइटच उरतात.

कार्यालयाच्या मोडेमचा नंबर कोणीही फिरवू शके, म्हणून पासवर्ड तारेवरून उघडा पाठवणे धोक्याचे होते. चॅप या पद्धतीत सर्व्हर दर वेळी एक नवे आव्हान धाडतो, घरचा संगणक त्यात गुपित मिसळून काढलेले उत्तर परत करतो, आणि गुपित स्वतः तारेवर येतच नाही. काही ठिकाणी कॉल तोडून नोंदवलेल्या नंबरावर उलट फोन केला जाई. घरून काम करणाऱ्यासाठी ते उत्तम, पण फिरतीवरच्या माणसाला निरुपयोगी.

१९९८ मध्ये व्ही.९० मानक आले आणि घराकडे येणारा कमाल वेग ५६,००० बिटांवर गेला. कार्यालयाकडची लाइन थेट डिजिटल असेल तरच तो मिळे, कारण वाटेत डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर एकदाच व्हावे, या अटीवर सारे अवलंबून होते. कार्यालयाने जुन्या ॲनालॉग लाइनी तशाच ठेवल्या, तर कर्मचाऱ्याने घेतलेला नवा मोडेमही ३३,६०० च्या वर जात नसे, आणि घरून कार्यालयाकडे पाठवण्याचा वेग तर डिजिटल लाइन असूनही तेवढ्यावरच थांबे.