ब्रेकवरचा पाय

(दृश्य : लग्नाची पंगत. जेवणं आटोपली आहेत. एक आजोबा मांडी मोडून उठतात, खांबाला धरतात, क्षणभर डोळे मिटतात.)

"काही नाही रे, जरा अंधारी आली."

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. त्यात आजोबांचं जेवण नुकतंच झालेलं, म्हणजे आतड्यांनीही आपला वाटा ओढून घेतलेला. रक्तदाब घसरतो.

(दृश्य : मानेचं रेखाचित्र.)

ही खबर मिळते मानेत. जबड्याच्या कोनाखाली मोठ्या रोहिणीला दोन फाटे फुटतात. तिथल्या भिंतीत चेतातंतूंची टोकं आहेत. रक्ताच्या दाबाने भिंत ताणली गेली की ती भराभर संदेश पाठवतात, भिंत सैलावली की संदेश विरळ होतात. असाच पहारा महारोहिणीच्या कमानीतही असतो.

संदेश जातात मस्तिष्कपुच्छाकडे, म्हणजे मेडुलाकडे. मेंदूचा हा शेवटचा तुकडा जेमतेम तीन सेंटिमीटर लांब.

आता गंमत बघा. मेंदूशी संबंध तोडला, तरी हृदय बंद पडत नाही. उलट मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देत राहतं! आपली नाडी सत्तरच्या घरात असते, कारण व्हेगस नावाच्या चेतेमार्फत मेंदूने ब्रेकवर पाय ठेवलेला असतो. आजोबा उठले तेव्हा मेडुलाने आधी तो पाय उचलला. त्याचा परिणाम पुढच्याच ठोक्यात दिसतो. रक्तवाहिन्या आवळायला मात्र काही सेकंद लागतात. वयानुसार ही यंत्रणा मंदावते, काहींच्या बाबतीत रक्तदाबाच्या गोळ्या भर घालतात. खांब लागतो तो एवढ्यासाठीच.

(दृश्य : काचेच्या नळ्या, मंद उजेड.)

हा ब्रेक लागतो कसा, याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या ऑटो लोवी यांना झोपेत सापडलं. मध्यरात्री उठून त्यांनी काहीतरी खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना! पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली. ते मंदावलं. त्याच्या आत भरलेलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे चेता रसायनातून बोलत होती. 1921 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, 1936 मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

(दृश्य : ट्रेडमिलवर सावकाश चालणारी एक बाई.)

यांच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय आहे. प्रत्यारोपणात चेता कापल्या जातात, त्यामुळे बसल्या जागीही यांची नाडी नव्वदच्या पुढे. चालायला लागल्यावर ती लगेच वाढत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोचेपर्यंत थांबावं लागतं, आणि चालणं संपल्यावर ती उतरतेही हळूहळू. म्हणून पहिली काही मिनिटं त्या अगदी रमतगमत चालतात.