पेपलच्या नावाने आलेला मेल

नमस्कार मंडळी, मी नाशिकमधून, सिडकोतून बोलतोय, माझं इथे कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मागच्या महिन्यात येवल्याच्या एक ताई दुकानात आल्या होत्या, त्यांचा तो घाबरलेला चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून आज हा विषय घेतलाय.

ताई पैठणीचे दुपट्टे परदेशात विकतात, पैसे पेपलवर, म्हणजे परदेशातून ऑनलाइन पैसे घ्यायच्या सेवेवर येतात. त्यांना मेल आला की तुमचं अकाउंट लिमिट केलंय, २४ तासात व्हेरिफाय करा नाहीतर पैसे अडकतील. लोगो तोच, निळा रंग तोच, त्यात विणकराचे पैसे द्यायचे होते, मग काय, घाईघाईत बटण दाबलं, ईमेल आणि पासवर्ड टाकून मोकळ्या झाल्या. पुढे कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले तेव्हा कुठे हात थांबला आणि मुलाला घेऊन तडक नाशिक गाठलं.

मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, खाली खरा पत्ता उघडला. पेपलच्या स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर एल, तिथे एकचा आकडा होता, मोबाईलवर फरक कळतच नाही हो! आणि सुरुवात 'प्रिय ग्राहक', पेपल खरा मेल तुमच्या किंवा धंद्याच्या नावाने लिहितं. अर्थात नाव बरोबर आहे म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, नावं कुठूनही मिळतात.

लिंक उघडायची नाही, नुसती दाबून धरायची, पूर्ण पत्ता दिसतो. तो पोस्टमनसारखा शेवटाकडून वाचायचा. पाकिटावर वर नाशिकचा रविवार कारंजा लिहिलंय पण खाली गाव सुरत असेल तर पत्र सुरतलाच जाणार ना? तसंच इथे, पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं तेच साइटचं खरं गाव, त्याच्या आधी पेपल डॉट कॉम लिहिलेलं असलं तरी त्याला काही अर्थ नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, चोराच्या साइटलाही कुलूप असतं. आपल्या बँकांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन असा वेगळा पत्ता ठरवलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांना त्यावर जायला सांगितलं होतं, तो बघत जा.

अजून एक प्रकार मला जास्त वाईट वाटतो. इतक्या डॉलरची खरेदी झाली, तुम्ही केली नसेल तर या नंबरवर फोन करा. हा मेल कधीकधी खरोखर पेपलच्याच पत्त्यावरून येतो, कारण खातं उघडून कोणीही कोणालाही बिल पाठवू शकतं आणि त्यात स्वतःचा फोन नंबर टाकू शकतं. फोन केलात की समोरचा भामटा तुमची स्क्रीन त्याला बघता येईल असं ॲप टाकायला लावतो. आणि भारतातल्या भारतात पेपलने पैसे देणं तर १ एप्रिल २०२१ पासून बंदच आहे, मग नाशिकच्या दुकानाचं रुपयातलं बिल त्यावरून येईलच कसं?

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, बँकेलाही कळवा, जेवढं लवकर कळेल तेवढी रक्कम मध्येच थांबवता यायची शक्यता जास्त. मेल डिलीट करू नका, पुरावा आहे तो.

ताईंच्या जीमेलचाही पासवर्ड तोच होता, म्हणून आधी तो बदलला, मग पेपलचा, दोन्हीकडे ओटीपी चालू केला. मग त्यांनी स्वतः पत्ता टाईप करून खातं उघडलं, तिथे लिमिटची कसलीही नोटीस नव्हती आणि जर्मनीच्या ऑर्डरचे पैसे जमा झालेले दिसत होते.